वानखेडेंचा एक फोन

आमच्या ऑफिसात बातम्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. बातमी दहा मिनिटांत खाली सरकते, किस्सा मात्र चहाच्या प्रत्येक फेरीला पुन्हा वर येतो. रायपूरच्या तेलीबांध्याला तिसऱ्या मजल्यावर आमचं हिंदी न्यूज पोर्टल आहे. माणसं आठ आणि नियम एक. तो संपादकांचा, ज्यांना आम्ही भैया म्हणतो: "पहले डालो, बाद में देखो!"

हा नियम न पाळणारे एकटे वानखेडे. वय पंचावन्न, वडील रेल्वेत होते. सिग्नल पडल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे त्यांच्या रक्तातच असावं. कुठलीही बातमी टाकण्याआधी त्यांना 'एक फोन' करायचा असतो.

*

गोल बाजारचा पराक्रम माझा. कुणीतरी धुराचा व्हिडिओ पाठवला आणि मी मिनिटभरात भीषण आग लावून मोकळा झालो. भांड्यांच्या दुकानापुढे कल्हईवाला बसला होता, त्याचा तो धूर. दुकानदाराचा शांतपणे फोन आला, "भाईसाहब, आग कहाँ लगी है? मैं भी देख लूँ."

मी चूक कबूल करायला निघालो, तर भैयांनी नवी ओळ टाकायला लावली: 'आग पर काबू.' त्यातही आम्हीच पहिले!

*

एका सकाळी आमच्या डेस्कवरच्या रेशमा दीदीने दुसऱ्या साइटवर पाहून 'रायपुर घने कोहरे में' अशी दाट धुक्याची बातमी टाकली. वानखेडेंनी उठून फक्त खिडकीचा पडदा सरकवला. दीदीच्या टेबलावर लख्ख ऊन पडलं.

*

दोन दिवस नळ येणार नाहीत, ही बातमी आम्ही शेजारच्या पोर्टलवरून उचलली. तिथल्या रिपोर्टरला मी विचारलं, तुला कुठून कळलं? तो म्हणाला, आपके यहाँ से! घरी गेलो तर बायकोने बादल्या, पातेली, कुकरसुद्धा भरून ठेवलेला. स्वयंपाक कशात करणार, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

*

वानखेडेंच्या फोनमुळे मात्र आम्ही सारखे मागे पडायचो. शेवटी भैयांनी सगळ्यांसमोर त्यांना बजावलं, आणखी एकदा उशीर झाला तर डेस्क सुटेल, राशिभविष्य लिहायला बसवीन. तीस वर्षं बातम्या केलेला माणूस. मला त्यांच्याकडे बघवेना.

आठवडाही झाला नाही, तर सिलतऱ्याच्या एका कारखान्यात भट्टीपाशी अपघात झाला. दुपारचे तीन वाजले होते. बाकीच्या पोर्टलांनी तीन मृतांची नावंही टाकली. आमची बातमी वानखेडेंपुढे तयार होती. भैया पाठीशी उभे. "सब चला चुके, वानखेडेजी. अब डालो."

तेवढ्यात ऑफिसचा फोन वाजला. वानखेडेंनी उचलून नाव सांगितलं, तसं पलीकडची बाई हिंदी सोडून गावाकडच्या मराठीत बोलू लागली. स्पीकर चालू होता.

"भाऊ, आमच्या पोरीच्या बाबाचं नाव सगळीकडं दिसून राहिलं. तुमच्यातच नाही. काहून नाही?"

वानखेडेंनी नाव विचारून कागदावर लिहून घेतलं.

"बाई, थांबता का? मी एक फोन करतो," वानखेडे म्हणाले.

"करा. मी थांबतो," बाई म्हणाली.

त्यांनी फोन तसाच चालू ठेवला आणि मोबाइलवरून कारखान्याच्या गेटवर फोन लावला. तिथून कळलं, ती नावं म्हणजे भट्टीवरच्या त्या पाळीची हजेरी होती, मृतांची यादी नव्हती. मग जखमींना नेलेल्या दवाखान्यात लावला. भैया घड्याळ बघत होते. दहाएक मिनिटं गेली असतील. भाजलेल्या साथीदाराला घेऊन आलेला एक माणूस बाकावर बसला होता, मोबाइल कारखान्याच्या लॉकरमध्ये राहिलेला. कंपाउंडरने फोन त्याच्या हातात दिला.

वानखेडेंनी त्याला नाव विचारलं. ते जुळताच त्यांनी मोबाइल ऑफिसच्या फोनला टेकवला.

"मी आहो. मले काही नाही झालं," तो म्हणाला.

पलीकडे बराच वेळ नुसतं रडणं ऐकू येत होतं. मग नाक ओढून बाई म्हणाली, "भाऊ, आता टाका तुमची बातमी."