हात दाखव, मंग जातो

बराबरकाकांची रिक्षा दारात थांबली, मूल उतरलं, दप्तर पाठीवर गेलं, तरी ती जागची हलत नसे. मुलानं घरात जायचं, पुन्हा दाराशी किंवा खिडकीशी यायचं आणि उजवा हात वर करून दाखवायचा. तो दिसला की काका म्हणायचे, "बराबर," आणि मगच गिअर टाकायचे. जालन्यातल्या कादराबादच्या बोळांमधून आमची सगळी शाळकरी वरात रोज अशी हात दाखवत दाखवत रिकामी व्हायची.

एकदा मी विसरले. घरात गेले ती थेट स्वयंपाकघरात, आईनं थालीपीठ लावलं होतं. दोन घास झाले असतील नसतील, बाहेर हा गलका. आई डोकावली तर रिक्षा तिथंच, मागची मुलं भुकेनं कावलेली, त्यांच्या मागं एक हातगाडीवाला अडकलेला, त्याच्या मागं एक स्कूटर. काका मात्र हँडलवर कोपर टेकवून निवांत. आई म्हणाली, "अहो, ती जेवतेय." काका म्हणाले, "जेवू द्या ना ताई. पर हात न्हाई दाखवला तिनं. हात दाखवल, मंग जातो." आईनं मला खरकट्या हातानिशी दारात उभं केलं. तो हात बघून मुलं एवढी हसली की पुढं वर्षभर मला थालीपीठ म्हणत होती.

काका स्वतः कधी कुणाला असं नाव ठेवत नसत. त्यांची नाव द्यायची रीत वेगळी होती. ज्याचं मूळ गाव जे, तेच त्याचं नाव. माझे वडील वाटूरचे, म्हणून मी वाटूर. "वाटूर, जरा सरक तिकडं. जांबला बसू दे." जांब म्हणजे जांब समर्थचा एक गुटगुटीत मुलगा, त्याला दोन जागा लागायच्या. काका स्वतः अंबडकडचे, अंकुशनगरच्या कारखान्याला ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर गाडी शिकलेले. कुणी काहीही सांगितलं तरी आधी "बराबर" म्हणायची त्यांना सवय. समोरच्याचं पटलेलं नसलं तरी बराबर, आणि मग बिलकुल उलटं करायचे. त्यांचं खरं नाव मला कॉलेजात गेल्यावर कळलं, आणि ते मला अजूनही त्यांचं वाटत नाही.

मला रिक्षा लागायची. कुंडलिका नदीवरचा पूल आला की पोटात ढवळायला लागायचं. काकांनी मला मागून उचललं आणि आपल्या शेजारी, चालकाच्या अर्ध्या सीटवर बसवलं. म्हणाले, "मागं नुस्तं बसायचं नसतं, वाटूर. म्हनून लागते तुला. रिक्षाला तीनच चाकं. चवथं चाक म्हंजी बसनारा." मग वळण आलं की ओरडायचे, "उजवीकडं," आणि सगळ्यांनी वळणाच्या आतल्या बाजूला झुकायचं. आम्ही इमानेइतबारे झुकायचो. त्यानं रिक्षाला कितपत आधार मिळत होता कोण जाणे, पण माझं ढवळणं गेलं. आज एवढी थोराड झाले तरी रिक्षा वळली की मी आपोआप झुकते. बँकेतले सहकारी विचारतात, पाठ दुखते का.

माझ्या आयुष्यात काकांनी काय केलं असं कुणी विचारलं तर सांगायला एवढं मोठं काही नाही. एका दुपारी आमच्या दाराला कुलूप होतं. आजोबांना अचानक दवाखान्यात नेलं होतं आणि निरोप द्यायला कुणाला सुचलं नव्हतं. मला ते बाकीच्या मुलांसमोर सांगायची लाज वाटली, म्हणून मी दाराला पाठ लावून मुकाट उभी राहिले. आता घरातच जाता येत नाही तर हात दाखवणार कुठून? काका उतरून आले, कुलूप बघितलं. दप्तर त्यांनी घेतलं, मला पुन्हा शेजारी बसवलं आणि सगळ्यांना सोडून झाल्यावर आपल्या घरी नेलं. काकूंनी पिठलं-भाकरी वाढली. संध्याकाळी आईकडं पोचवलं तेव्हा आई रडत होती. मी उंबऱ्यातून हात दाखवला आणि काका गेले. त्या दिवसापासून मला कुठं टाकून दिल्यासारखं कधी वाटलं नाही. मोठेपणी पुष्कळ परक्या गावांत राहिले, तिथंही नाही. याचं ऋण मी त्यांच्याच नावावर धरते.

बँकेत लागले तेव्हा पहिल्या नोकरीच्या गावाला जाण्यासाठी स्टेशनावर मला काकांनीच सोडलं. गाडी हलली तरी ते फलाटावर उभे. मला कळलं. खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला, तेव्हा कुठं ते वळले. आदल्या दिवशी म्हणाले होते, "कुठंबी घर कर. तुझ्या घरचं पानी प्यायला येनार मी, बराबर येनार."

ते आले, पण फार वर्षांनी. माझी बदली कोचीला झाली होती. काकूंचा एक दिवस फोन आला. काकांना लकवा झाला होता. जीव वाचला, बोलणंही परत आलं, पण उजवा हात आणि उजवा पाय ढिला पडला होता. डॉक्टरांनी रोज व्यायामाच्या दवाखान्यात यायला सांगितलं होतं. आत्ता हलवला नाही तर हात कायमचा आखडेल, असं स्पष्ट बजावलं होतं. आणि काका जात नव्हते. त्यांची गल्ली अशी की कार शिरत नाही. मोटरसायकलवर तोल राहत नव्हता. राहिली रिक्षा. ती आता त्यांचा मुलगा प्रकाश चालवत होता. तो रोज सकाळी दारात उभी करायचा आणि काका मान फिरवायचे.

"म्हनतेत, माझ्या रिक्षात मी मागं बसू का?" काकू फोनवर म्हणाल्या. "दुसऱ्याच्या रिक्षातबी न्हाई बसत. हात बघ ना गं, मुठीसारका होऊन राह्यला. पोरानं पाया पडून बघितलं."

मी काकांना फोनवर घेतलं. व्यायामाचा विषयच काढला नाही. मी एवढंच म्हणाले, "काका, माझ्या घरचं पाणी राहिलंय." काका म्हणाले, "बराबर."

काकूंच्या खांद्यावर हात टाकून ते गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेले, तिथून त्या दिवसापुरत्या मागून घेतलेल्या शेजाऱ्याच्या जीपमधून स्टेशन, सिकंदराबादला गाडी बदलून कोची. सोबत काकू आणि पाण्याचा मोठा कॅन. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसलेल्या गावची माणसं, त्यांना परगावच्या पाण्याची काय खात्री? माझ्या घरी आल्यावर मात्र काकांनी तो कॅन बाजूला ठेवायला लावला आणि माझ्या माठातलं पाणी मागून घेतलं. तांब्या डाव्या हातानं उचलला. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता, बोटं आत वळलेली. मी तिकडं बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी हातावर उपरणं ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना जुनं बंदर दाखवायचं मी ठरवलं होतं. फोर्ट कोची आणि मट्टनचेरीच्या जुन्या वस्तीत मोठ्या गाडीनं जाण्यात अर्थ नाही, म्हणून दिवसभरासाठी एक रिक्षा सांगितली. खरं सांगायचं तर काकांनी तीत बसावं, हाच माझा डाव होता. परदेशी पाहुणे रिक्षाला म्हणतात ते 'टुकटुक' तिच्या कपाळावर रंगवलेलं. मी वाचून दाखवलं तर काका म्हणाले, "मला चिडवायला आनली का?" चालक वर्गीस नावाचा, पांढऱ्या मिशांचा, आखातात शिकलेली मोडकी हिंदी बोलणारा माणूस. त्यानं मागची सीट फडक्यानं पुसली आणि हातानं 'या' केलं.

काकांनी रिक्षाभोवती एक चक्कर मारली, टायर बघितले, आणि म्हणाले, "तुम्ही दोघी बसा. मी पायी येतो."

मी म्हणाले, "काका, ऊन आहे." तर म्हणे, "बराबर," आणि चालायला लागले.

मग जी आमची मिरवणूक निघाली ती बघायला रस्त्यावरचे लोक थांबत होते. पुढं काका, डाव्या हातात काठी, उजवा पाय फरफटत. मागं रिक्षा, माणसाच्या चालीनं. आत मी आणि काकू. वर्गीसनं एकदाही हॉर्न वाजवला नाही. किनाऱ्यावर ती मासेमारीची मोठमोठी चिनी जाळी पाण्यावर झुकलेली, झाडं रस्त्यावर आलेली, जुन्या घरांच्या पिवळ्या भिंती, आणि आमचे काका कशाकडंही न बघता पाय ओढतायत. काकू माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या. "पडतील गं," एवढंच म्हणत होत्या. मला माझ्या शहाणपणाचा राग यायला लागला होता.

एका चर्चच्या कोपऱ्यावर काका थांबले. दम लागला म्हणून असेल असं वाटलं, पण ते कान देऊन काहीतरी ऐकत होते. मग वळून वर्गीसच्या सीटशी आले आणि आमच्या खास जालना हिंदीत म्हणाले, "मिया, कब से पहिले गेअर में चला रै तुम. क्लच की वाट लग जाइंगी. इंजिन गरम हो गया, आवाज नै आ रा?"

वर्गीस हसला. "आप पैदल है, तो क्या करेगा."

काकांनी एकदा इंजिनकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. दुसऱ्याच्या गाडीची क्लचप्लेट आपल्यापायी जळावी, हे त्यांना सहन होण्यातलं नव्हतं. चेहरा पार कडू करून ते काकूंना म्हणाले, "सरक."

आणि बराबरकाका मागं बसले.

पुढची थोडी वाट फार वाईट गेली. पाठ न टेकवता, लोखंडी दांडीला धरून, रागावलेल्या सोयऱ्यासारखे ते बसून होते. मी गोदामं दाखवत होते, ते बघत नव्हते. मट्टनचेरीत शिरल्यावर सुंठ, मिरी आणि पोत्यांच्या तागाचा वास आला तेव्हा नाक वर झालं. "ह्यो तर आपला मोंढाच हाय," जालन्याचा अडत बाजार आठवून ते म्हणाले. हमाल पोती उतरवत होते, हातगाड्या आडव्या लागलेल्या, बोळ कादराबादपेक्षा अरुंद. वर्गीसनं रिक्षा एकदम उजवीकडं घातली. मी सवयीनं झुकले. आतल्या बाजूला. मग बघते तर माझ्या पलीकडं काकाही झुकले होते, आणि मध्ये सापडलेल्या काकू चेंगरल्या होत्या.

"अगं, पाय बघ त्यांचा," काकू दबक्या आवाजात म्हणाल्या.

काकांचा उजवा पाय खाली दाबत होता. डॉक्टरांनी सांगून, प्रकाशनं विनवून जो पंजा हलला नव्हता, तो प्रत्येक हातगाडीला पत्र्यावर दाबला जात होता. समोर ब्रेक नव्हता, तरी काका ब्रेक मारत होते. उपरणं कधीच घसरलं होतं आणि त्याखालच्या मुठीतलं मनगट, अगदी थोडंसं, हँडलवरची रेस पिळल्यासारखं फिरत होतं. काकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते वर्गीसला सांगत होते, "उजवीकडं जागा है, निकालो." मी तोंड बाहेर वळवून घेतलं. रडू येत होतं आणि ते त्यांना दिसू द्यायचं नव्हतं.

धक्क्यावर उतरून आम्ही पाण्याशी बसलो. जन्मात पहिल्यांदा समुद्र बघणाऱ्या काकांनी बोट बुडवून चव घेतली, थुंकले आणि म्हणाले, "एवढ्या पान्यात रिक्षा धुताबी येनार न्हाई. गंजून जाईल." काकू हसल्या, वर्गीसला मी अर्थ सांगितल्यावर तोही हसला.

तेव्हा मी म्हणाले, "काका, मागं नुसतं बसायचं नसतं, असं मला कुणीतरी शिकवलंय. तुमचा पाय आज ब्रेक मारत होता. काकूंना विचारा."

काका पायाकडं बघत राहिले. मग आपला उजवा हात त्यांनी डाव्या हातानं उचलून गुडघ्यावर ठेवला, उघडाच.

"लई भ्या वाटतं, वाटूर," ते म्हणाले. "मागं बसलो की संपलोच म्हनायचं, असं वाटत राह्यतं."

मी त्यांचा हात धरून बसले. तो आडदांड हात इतका हलका लागला की मला धस्स झालं. परत निघताना काका न सांगता रिक्षात चढले आणि वळणं आली की वर्गीसच्याही आधी "डावीकडं" म्हणायला लागले. आम्ही तिघंही झुकत होतो. वर्गीस आरशातून बघून डोकं हलवत होता.

जालन्याला गेल्यावर ते प्रकाशच्या रिक्षात बसून व्यायामाला जायला लागले. काकू फोनवर सांगायच्या की वाटेत बरोबरच्या पेशंटांनासुद्धा झुकायला लावतात, एका म्हाताऱ्यानं त्यावरून भांडणही केलं. काका रिक्षा पुन्हा कधी चालवणार नाहीत हे त्यांना कळलंय आणि आम्हालाही.

या दिवाळीत मी जालन्याला गेले. स्टेशनाबाहेर प्रकाशची रिक्षा उभी, आणि मागच्या सीटवर काका, माझ्यासाठी जागा धरून. "वाटूर, बस." थकलेले दिसत होते, म्हणून मी म्हणाले, आधी काकांना सोडू. गल्लीत रिक्षा थांबली. काठी टेकत ते उतरले आणि मला म्हणाले, "जा आता. आई वाट बघत असंल."

"हात दाखवा, मग जाते," मी म्हणाले.

ते आत गेले. खूप वेळ लागला. मागं एक मोटरसायकल येऊन थांबली, तिच्या मागं आणखी एक रिक्षा, दोघंही हॉर्न द्यायला लागले. प्रकाशनं वळून बघितलं. मी म्हणाले, थांब.

खिडकीत काका आले. डावा हात वर गेला. मी मान हलवली, नाही म्हणून. मग खालून उजवा हात आला. खिडकीचा पहिला गज त्यानं पकडला, मग त्याच्या वरचा, मग गज सुटला आणि हात एकटाच कपाळापर्यंत वर गेला. बोटं पुरती उघडत नव्हती.

"बराबर," मी म्हणाले, आणि प्रकाशनं गिअर टाकला.