दुधाचे दात आणि कमलताईंची पिशवी

अंगणवाडीतल्या पोरांचे दात तपासणं म्हणजे दोन मिनिटं आरसा आणि अर्धा तास मनधरणी. त्यामुळे आमच्याकडे तक्त्यांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत. मी दाताचा डॉक्टर. मी एकेक दात बघून "चांगला" नाहीतर "कीड" म्हणायचं आणि आमच्या दवाखान्यातल्या मदतनीस कमलताईंनी ते लिहायचं. रडणं थांबवणं, आज्यांशी भांडणं, हे सगळं ताईंकडे.

*

मुखेडजवळच्या एका गावात पहिलंच पोरगं तोंड मिटून बसलं. आई, मावशी, सरपंच, सगळे सांगून थकले. शेवटी मी खिशातली लिमलेटची गोळी दाखवली. लगेच तोंड उघडलं! तेव्हापासून गोळ्यांचा पुडा ताईंच्या पिशवीत कायमचा. कीड शोधणारे आम्ही, गोळ्या वाटत हिंडत होतो. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. उरलेल्या गोळ्या ताईंच्या घरी जायच्या.

*

इस्लापूरकडे एका अंगणवाडीत सगळ्याच पोरांचे दात काळेनिळे. मी हादरलो आणि "कीड, कीड, कीड" म्हणत सुटलो. ताईंनी पेन ठेवलं, ओल्या कापसानं एक दात पुसला. खालून पांढराशुभ्र निघाला.

"साहेब, मागं जांभळाचं झाड हाय," एवढंच म्हणाल्या. तो तक्ता मी गुपचूप फाडला.

*

शिरूर अनंतपाळच्या बाजूला एक आजी अडून बसल्या. "पडनारेच दात हायेत ते. त्याला कशाला दवाखाना?"

ताई म्हणाल्या, "नवी दाढ यायला अजून पाच-सहा वर्सं हायेत, मावशी. तवर लेकरानं भाकर कशानं खायची?"

आजी पुढच्या आठवड्यात नातीला घेऊन दवाखान्यात सगळ्यांच्या आधी हजर! मला फार बरं वाटलं. ताईंनी मात्र त्या दिवशी दिवसभर भाव खाल्ला.

*

त्याच गावात जेवणाच्या सुट्टीत पोरं आमचाच खेळ खेळत होती. एक सतरंजीवर आडवा, दुसरा चमचा घेऊन "कीड, कीड" म्हणतोय. तिसरी एक चिमुरडी कमरेवर हात ठेवून ओरडली, "ह्याच्या आजीला बोलवा आधी!"

ताई हसून हसून खाली बसल्या.

*

मग गेल्या महिन्यात ताईंच्याच गावची अंगणवाडी आली. रांगेत त्यांचा चार वर्षांचा नातू, ओम. महिनाभर एकाच बाजूनं चावून राहिलाय, असं सून म्हणाली. ताई म्हणाल्या, "असंन काही अडकलेलं."

ओम सरळ खुर्चीत येऊन बसला आणि न सांगता त्यानं आ केला. एवढं शहाणं पोर मी आजवर पाहिलं नव्हतं.

"चांगला. कीड. कीड. चांगला. कीड."

पेन थांबलं. गावातल्या ज्या ज्या बायांना ताई एरवी पोरांच्या दातांवरून दटावायच्या, त्या साऱ्या भिंतीला टेकून बघत होत्या.

"लिहा, ताई," मी हळूच म्हणालो. मला तो पहिला पुडा आठवला आणि माझीच लाज वाटली.

ताईंनी सगळं लिहिलं. एकही दात सोडला नाही. पालकाच्या सहीच्या जागी स्वतःची सही केली. म्हणाल्या, "साहेब, उद्या माझी रजा. ह्याला दवाखान्यात आनते."

ओम खुर्चीवरून उतरला आणि ताईंच्या पिशवीपाशी जाऊन उभा राहिला.

"आजी, मी रडलो न्हाई. तोंड बी उघडलं. आता गोळी दे."