रीळ धुऊन आणणारी

कॅमेरा हातात घेतला की ती आधी ओढणीच्या टोकानं लेन्स पुसायची. "थांबा दीदी, हिचं तोंड पुसू द्या," म्हणायची. ओढणीनं काचेवर चरे पडतात, हे सर दर रविवारी सांगत आणि ती दर रविवारी "हव सर" म्हणे.

रायपुरात फोटोग्राफीच्या रविवारच्या वर्गात आम्ही एका बाकावर बसत होतो. मी ऑफिसला कंटाळून आलेली, ती गोंदियाहून लग्न होऊन इथल्या बुढापारा मोहल्ल्यात आलेली. डिजिटल तिला मोबाइलमुळं झटकन जमलं. पेच पडला तो रिळाच्या कॅमेऱ्याचा. परीक्षेसाठी घरातल्या एका माणसाचा फोटो रिळावर काढायचा होता आणि तिनं निवडली सासू.

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? पण सासरे गेल्यापासून त्या बाई फोटोला बसत नव्हत्या, फारशा हसतही नव्हत्या. "एक गेले ना भिंतीवर, तेवढंच पुरे," म्हणत. हिनं महिनाभर मागं लागून त्यांना एकदाचं बसवलं.

सर म्हणाले, "अब रील धोकर लाइए." म्हणजे सदर बाजारातल्या स्टुडिओतून डेव्हलप करून. हिनं घरीच कॅमेरा उघडला, रीळ ओढून काढलं, साबणाच्या पाण्यात हलक्या हातानं धुतलं आणि गच्चीवर चिमटे लावून वाळत घातलं. उजेड आणि साबण मिळून त्यावर काहीच उरलं नाही. वर्ग हसला. मीही हसले, पण तिचा चेहरा पाहून तिच्याजवळ सरकले.

"आता आई नाही बसत, दीदी. कोणत्या तोंडानं सांगू त्याईले?"

पण तिनं सांगितलं. नवं रीळ भरून, कॅमेरा गळ्यात अडकवूनच सासूपुढं उभी राहिली. "आई, मी तुम्हाले साबणानं धुऊन टाकलं." त्यांना आधी कळेना. कळल्यावर पदर तोंडाशी धरून अशा हसल्या की खालीच बसल्या. तेवढ्यात हिनं बटण दाबलं.

सर फोटो पाहून म्हणाले, "हिल गया है."

"हिलेगा ही न सर, मैं भी तो हँस रही थी."

सरांनी तिला पास केलं. मला तर तो आमच्या वर्गातला सगळ्यात चांगला फोटो वाटला, अजूनही वाटतो.

पुढं तिच्या रेल्वेतल्या नवऱ्याची बदली झाली आणि ती बिलासपूरला गेली. मला तिच्याविना रविवार सुना वाटतो. परवा फोन केला, तर सासूबाईंनीच उचलला.

"मंग करजा बाई फोन. आता मले फोटोले बसाचं हाय."