खाटेच्या पायाला बांधलेले मूल

नववीला लोकसंख्येचा धडा शिकवताना मी फळ्यावर दोन उभ्या रेघा ओढते. मधल्या रकान्यात पंधरा ते एकोणसाठ वयाचे, म्हणजे काम करणारे. दोन्ही बाजूंना त्यांच्यावर अवलंबून असणारे, डावीकडे मुले, उजवीकडे म्हातारी माणसे. बाजूच्यांच्या संख्येला मधल्यांच्या संख्येने भागले, की मधल्यांवरचा भार कळतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माझ्या आईला मी अर्थातच उजवीकडे धरले होते.

मागच्या महिन्यात ती खोडदच्या घरी न्हाणीत पडली. गुडघा सुजला. तिला वारूळवाडीला माझ्याकडे कायमचे आणायचे ठरवून एका रविवारी मी जीप सांगितली आणि सकाळीच जाऊन तिची औषधे, लुगडी पिशव्यांत भरली. साडेसातला टोमॅटोच्या तोडणीला निघालेल्या चार बायका आल्या आणि सहा लहान मुले आईजवळ ओट्यावर सोडून उभ्या राहिल्या. हे रोजचेच होते. आई मला मात्र ‘कधीमधी’ म्हणून सांगत असे.

“आजीला नेताय व्हय, ताई?” एकीने पिशव्यांकडे पाहत विचारले. “मंग आमी तोडणीला जायाचं, का पोरं धरून बसायचं?”

“ताईंनाच बसवू की हितं,” दुसरी हसली.

“तिला बाकावरची पोरं ठावं,” आई म्हणाली. “रांगणारं न्हाई जमायचं.”

बायका गेल्या. आईने सर्वांत धाकट्याच्या कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी बांधली आणि दुसरे टोक खाटेच्या पायाला अडकवले. मला ते पाहवेना. मी गाठ सोडली. मूल थेट ओट्याच्या कडेकडे निघाले.

“सोडलंस ना? आता पळ.”

तिला चटकन उठता येत नव्हते, म्हणून तर पट्टी. मी धावले, हाती त्याचा पाय लागला. त्याला मागे ओढून मी पुन्हा गाठ मारली.

जीप परत पाठवली. दिवसभर मात्र एका जागी बसवेना. आई निघाली तर चौघी घरी बसणार. राहिली तर त्याच न्हाणीत पुन्हा पडणार.

येत्या मे महिन्यात, अठ्ठावन्नाव्या वर्षी, मी निवृत्त होते. पुस्तकाप्रमाणे त्यानंतरही दोन वर्षे मी मधल्याच रकान्यात. खोडदला राहायला जावे असे मनात आहे. आईला अजून सांगितलेले नाही. त्या रविवारपासून दर रविवारी जाते आणि पट्टी सोडून मला जमते का पाहते. काल मूल दोनदा निसटले.