मॅडमची गाडी

जग निर्माण करायच्या वेळी देवानं माझ्या आत्याला सल्ल्यासाठी शेजारी बसवून घेतलं असतं, तर आज डोंगरांना कठडे असते, फणसाला कडी असती आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्याला कमीजास्त करायचं बटण असतं, याबद्दल आमच्या घराण्यात कुणाचंही दुमत नाही. बाजारातून आणलेली वस्तू आहे तशी वापरणं हे तिच्या मते आळशीपणाचं लक्षण. हडको वसाहतीतल्या तिच्या घरात खुर्च्यांचे पाय बोटभर कापलेले आहेत, कारण ती बुटकी आहे. ओट्यापुढं फळी ठोकून पायरी केली आहे, कारण ओटा उंच आहे. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अत्यंत शांत गृहस्थ. त्यांच्या चष्म्याच्या दांड्यांना तिनं कापसाच्या गाद्या शिवल्या आहेत, त्यामुळे पेपर वाचताना ते मलमपट्टी करून बसल्यासारखे दिसतात. अशा बाईच्या ताब्यात एक दीड-दोन लाखांची वाऱ्यासारखी पळणारी मोटारसायकल सोडून तिचा मुलगा परदेशी निघून गेला, यात चूक कुणाची म्हणायची?

हा मुलगा, माझा आतेभाऊ, वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. पगारातून साठवून साठवून त्यानं ती गाडी घेतली. दुकानदाराच्या भाषेत स्पोर्ट टूरिंग, म्हणजे पळायलाही चालते आणि लांब जायलाही चालते. निळ्या रंगाची, पुढून बघितली तर रागावलेल्या टोळासारखी. तिच्यावर बसलेला माणूस टाकीला मिठी मारून काहीतरी गुपित सांगत असल्यासारखा वाटे. रविवारी तो तिला आंघोळ घालायचा, आणि तेवढा वेळ आम्ही कुणी त्याच्याशी बोललेलं त्याला खपत नसे. मग त्याला जर्मनीत नोकरी लागली. 'दोन वर्षांत येतो,' असं सांगून तो गेला आणि जाताना गाडीवर कापड घालून आईला म्हणाला, "आठवड्यातून एकदा फक्त चालू करून ठेव. बाकी हात लावू नको."

आत्यानं पहिले काही रविवार गाडी चालू केली आणि शेजारी उभी राहून तिच्याकडं पाहिलं. नुसती उभी असलेली चालू वस्तू तिला बघवत नाही. शिवाय तिची स्वतःची अडचण होतीच. ती अजिंठ्याच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर गणित शिकवते आणि रोज शहरातून अपडाऊन करते. आधी चार शिक्षकांनी मिळून एक कार ठरवली होती, पण काच उघडी ठेवायची की बंद, यावरून त्या चौघांत असं बिनसलं की शेवटी ड्रायव्हरच सोडून गेला. मग काळीपिवळी आली. या जीपमध्ये पुढच्या सीटवर चौघं बसतात आणि गिअर कुणाच्या गुडघ्यांमधून पडेल याचा नेम नसतो. लग्नाआधी आत्यानं आमच्या आजोबांची जुनी फटफटी गावभर पळवलेली होती. एका रविवारी तिनं गाडीवरचं कापड काढलं, आजूबाजूला कुणी नाही असं बघितलं आणि गल्लीला एक चक्कर मारली. परत आली तेव्हा घामानं निथळत होती आणि चेहरा असा खुललेला, की काकांनी तिला विचारलं, "कुणाचा फोन आला होता का?"

अडचण एकच होती. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. पण माघार घेणं तिच्या स्वभावात नाही. सिग्नल लागला की ती डिव्हायडरच्या कडेला गाडी नेऊन कठड्यावर पाय टेकवायची. कडेला जागा नसेल, तर सिग्नलच्या आधीच डावीकडं वळून पुढच्या चौकातून फिरून यायची. एकदा ती हर्सूलला जायला निघाली आणि वाटेत कुठंही उभं न राहता टी.व्ही. सेंटरच्या चौकाला तीन चकरा मारत राहिली. पोलिसानं शेवटी स्वतःच हात वर करून रहदारी थांबवली आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही जा एकदाच्या."

त्यानंतर गाडीचं सोयीकरण सुरू झालं. ओळखीच्या मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी कानांवर हात ठेवले. "मॅडम, ये पळनेवाली गाडी है. इसका हँडल उप्पर नक्को करो, शकल बिगड जाती." आत्या म्हणाली, "मेरेकू पळना नहीं, शाळा की प्रार्थना पकडनी है." हँडलखाली ठोकळे बसले आणि आत्या टाकीवरून उठून ताठ बसली. मागचा शॉकअप खाली आला. पुढची काच वीतभर उंच झाली, कारण फुलंब्रीच्या पुढं किडे तोंडावर येत. दोन्ही बाजूंना डिक्क्या बसल्या. डावीकडच्या डिक्कीत वह्या, उजवीकडच्या डिक्कीत भाजी. या बाबतीत ती कडक होती, कारण एकदा सहामाहीच्या पेपरांना मेथीचा वास लागला होता. पुढची सीट तिनं औरंगपुऱ्यातल्या एका सोफावाल्याकडं नेली. "ही सीट बसायला केलीय का शिक्षा म्हणून?" असा प्रश्न तिनं त्याला विचारला, जणू त्यानंच ती केली होती. त्यानं फोम कापून सीट खोलगट केली आणि दुकानात उरलेलं मोठ्या फुलांचं तपकिरी रेक्झिन वर चढवलं. आता आत्याचे पाय टेकले. एप्रिलमध्ये इंजिनाची धग पोटऱ्यांना लागायला लागली, तेव्हा तिनं जुन्या गोधडीचे दोन तुकडे शिवून इंजिनाच्या दोन्ही बाजूंना लोंबते सोडले. मग पंधरा ऑगस्टला साडी नेसावी लागते म्हणून साडीगार्ड हवा, असं तिनं जाहीर केलं, तेव्हा मिस्त्री खाली बसला. "मॅडम, इसकू साडीगार्ड लगाया तो लोगां मेरे दुकान पे हसने आते." साडीगार्ड लागला. आले लोक, पण हसायला नाही. दोन बायका आपापल्या मुलांच्या गाड्या घेऊन आल्या.

सुट्टीच्या दिवशी काका मागं बसत. त्यांच्यासाठी पाठ टेकायला टेकू बसवला आणि त्याचा उलटाच परिणाम झाला. टेकू मिळाल्यापासून काकांना झोप लागू लागली. झोपलेला माणूस वळणावर पडेल, म्हणून आत्या त्यांना वाटेत पाढे विचारू लागली. जालना रोडवरून ती निळी गाडी गोधड्या उडवत जाते आहे, पुढून खणखणीत आवाजात "सतरा साते?" आणि मागून दचकून "एकशे एकोणीस!" हे दृश्य शहरात पुष्कळांनी पाहिलेलं आहे. काकांचा एकोणतिसाचा पाढा आजही पक्का आहे, आणि तो पडेगावच्या रस्त्यावर पाठ झालेला आहे.

दोन वर्षांची तीन झाली, तिनाची चार. आतेभावाचा फोन रविवारी यायचा. पुढच्या दिवाळीला, मग उन्हाळ्यात, मग प्रोजेक्ट संपला की. गाडीबद्दल विचारलं की आत्या सांगायची, "ठणठणीत आहे. थोडी सोयीची करून घेतलीय." काका एकदा सहज मला म्हणाले, "त्याचं येणं पुढं गेलं ना, की ही दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडं जाते बघ." मी तेव्हा हसलो होतो.

शेवटी एका डिसेंबरात तो आला. जुन्या मित्रांबरोबर गाड्यांवरून अजिंठ्याला जायचं, असं तिकडून ठरवूनच आला होता. बॅगा खाली ठेवल्या आणि आधी गाडीवरचं कापड ओढलं. मी शेजारी उभा होतो. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, गोधडीचा तुकडा चिमटीत धरून सोडून दिला, साडीगार्डकडं बघितलं. "आई," तो म्हणाला, "ही काळीपिवळी झाली गं."

"पाय टेकत नव्हते रे माझे."

"मग स्कूटी घ्यायची. मी पैसे पाठवले असते. एकच गोष्ट सांगितली होती मी, जशीच्या तशी ठेव. तिकडं रूमवर हिचा फोटो लावलाय मी." आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. तो हळू बोलला आणि न जेवता वर जाऊन झोपला.

आत्या आतल्या खोलीत गेली. तिनं दिवाणाची फळी उचलली. आत जुन्या ओढण्यांमध्ये गुंडाळलेले, तेल लावून ठेवलेले सुटे भाग होते. हँडलचे मूळचे बोल्ट, मूळची काच, एकूण एक नट. दुसऱ्या दिवशी ती शाळेला रजा टाकून मिस्त्रीकडं गेली, आणि ज्यानं प्रत्येक गोष्ट बसवताना शिव्याशाप दिले होते तो आता काढायला तयार होईना. "नक्को ना मॅडम. इत्ती मेहनत का काम है. इसके जैसी गाडी पूरे शहर में नहीं." आत्या स्टुलावर बसून राहिली आणि तिनं सगळं काढून घेतलं. सीट मात्र राहिली. कापलेला फोम परत येत नाही.

शनिवारी आतेभाऊ तीन मित्रांबरोबर निघाला आणि आत्या काळीपिवळीनं सकाळच्या शाळेला गेली. पुढं जे झालं तिथं मी नव्हतो, पण मला ते मायलेकांकडून वेगवेगळं ऐकायला मिळालं आणि दोन्हीकडं बहुतेक सारखंच होतं. आत्याच्या शाळेच्या गावात, फाट्यावरच्या हॉटेलापाशी, आतेभाऊ चहाला थांबला. मित्र पुढं गेले होते. बाकड्यावरचे दोघं-तिघं उठून गाडीजवळ आले. फुलाफुलांच्या सीटवरून एकानं हात फिरवला.

"पाव्हणं, गाडी कुणाची?"

"माझी."

"व्हय का? आन् मॅडम कुठंयत?"

"कोणत्या मॅडम?"

इथं तो संपला. "ह्याला मॅडमच ठावूक नाय, आन् म्हणतो गाडी माझी!" एकानं चावी काढून घेतली. दुसऱ्यानं नंबर वाचून पाहिला आणि तो मॅडमच्याच गाडीचा आहे याची खात्री केली. "लई बदलून टाकली की रं. साडीगार्ड कुठं इकला?" पाहुणा चोर असला तरी पाहुणा, म्हणून त्याला चहा दिला, बिस्किटं दिली आणि मध्ये बसवून शाळेत फोन लावला. हातावर खडूची भुकटी घेऊन आत्या भराभर चालत आली.

"सोडा रे त्याला. पोरगा आहे माझा."

बाकीचे बाजूला सरकले. चावी ज्याच्या हातात होती तो म्हातारा तेवढा म्हणाला, "मॅडम, मग ह्यो तुमाला वळखीत कसा नाय?"

आतेभाऊ अजिंठ्याला गेलाच नाही. तो आत्याच्या मागोमाग शाळेत गेला. शाळेच्या भिंतीला लागून गावकऱ्यांनी चार पत्र्यांचं छप्पर उभारलेलं होतं, फक्त मॅडमच्या गाडीसाठी. त्यानं गाडी त्याखाली लावली. शाळा सुटल्यावर म्हणाला, "चल आई, बस." ती म्हणाली, "मी काळीपिवळीत पुढची जागा धरायला सांगितलीय." मग जीप पुढं आणि ती वाऱ्यासारखी पळणारी गाडी तिच्या मागं, धूळ खात, हर्सूलपर्यंत एकदाही ओव्हरटेक न करता आली.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः सगळं सामान घेऊन मिस्त्रीकडं गेला. संध्याकाळी गाडी गोधड्यांसकट दारात उभी होती. मिस्त्रीनं खूष होऊन पैसे न घेता आरसेही मोठे बसवले होते. जायच्या आदल्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "आई, गाडी तुझ्या नावावर करतोय. सह्या करून ठेवल्यात." काकांनी वा म्हटलं, मी टाळी वाजवली. आत्या वाढता वाढता थांबली.

"माझ्या नावावर कशाला? तुझीच राहू दे."

"वापरतेस तूच ना."

"वापरते. पण तुझी म्हणून वापरते. तुझी गाडी इथं आहे म्हटलं की..." पुढचं तिनं भाताबरोबर वाढून टाकलं.

"मी येत राहीन ना गं."

"येणं वेगळं आणि येत राहणं वेगळं," ती म्हणाली आणि ताक आणायला आत गेली. ताक समोरच होतं. 

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याला चिकलठाण्याच्या विमानतळावर घेऊन गेली. ती पुढं, तो मागं. बॅगा घेऊन मी आणि काका रिक्षात. दारापाशी त्यानं वाकून तिच्या हेल्मेटचा पट्टा उगाच सैल करून पुन्हा आवळला, काकांच्या पाया पडला आणि आत गेला. काचेआडून एकदा दिसला, मग दिसेना. काका त्याच रिक्षानं घरी निघाले. आत्या गाडीपाशी बराच वेळ उभी राहिली. मग तिनं चावी माझ्या हातात दिली. इतक्या वर्षांत तिनं त्याच्याशिवाय गाडी कुणाला चालवायला दिली नव्हती.

"तू चालव. मी बसते मागं."

आम्ही जालना रोडला लागलो. आरसे मोठे होते, पण मी आरशात बघितलं नाही. सिडको बसस्टँडच्या सिग्नलला उभे राहिलो, तेव्हा तिनं माझ्या खांद्यावर बोट टोचलं.

"मागची सीट लई कडक आहे रे."

"हो?"

"दगड आहे नुसता. आत्ता तोही बसून आला, काही बोलला नाही. आणि हे तर इतकी वर्षं बसतात." तिनं सीटवर मूठ आपटली. "एका शब्दानं बोलले नाहीत बघ कधी."

सिग्नल सुटला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

"घरी नको," आत्या म्हणाली. "आधी औरंगपुऱ्याला घे. सोफावाला उघडा असेल अजून."