आठ खांबांचा तेबा

हिंगणघाटच्या कापड गिरणीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले एक काका आमच्या गल्लीच्या टोकाला राहत. ते बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी. शनिवारी त्यांच्या घरी चूल पेटत नाही, एवढंच आम्हाला त्यांच्या धर्माबद्दल माहीत होतं. सत्तरीचं दशक संपत आलं होतं. मी वर्ध्याला आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा कोर्स करून घरी बसले होते. नकाशे काढायला मुलगी नको, असं दोन ठिकाणी तोंडावर ऐकून झालं होतं.

एका दुपारी काका माझ्या वडिलांकडे आले. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये सुतार. काकांनी पिशवीतून एक जुना फोटो आणि सागवानाचा एक कातीव दांडा काढला. फोटो त्यांच्या कोकणातल्या गावच्या सिनेगॉगचा, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनाघराचा होता. मधोमध आठ कोनांचा लाकडी चौथरा, कोनाकोनावर खांब आणि भोवती कठडा.

"याला तेबा म्हणतात. यावर उभं राहून प्रार्थना चालवतात," काका म्हणाले. "पलटणीतून पेन्शन घेऊन आलेल्या आमच्या पणजोबांच्या पिढीनं हे सिनेगॉग बांधलं. काळ्या दगडाच्या भिंती, वरून चुन्याचा गिलावा. पश्चिमेला धर्मग्रंथांचं कपाट, कारण जेरुसलेम तिकडे. वर बायकांसाठी सज्जा. मग एकेक घर इस्रायलला गेलं, दार बंद झालं आणि तेबा वाळवीनं खाल्ला. आता राहिलेल्यांनी छप्पर नीट करून घेतलंय. तेबा मात्र तुम्ही करून द्या, मिस्त्री."

"माप द्या, करून देतो."

"माप कोणाकडेच नाही. जमिनीतल्या खांब रोवायच्या खाचासुद्धा कोणीतरी सिमेंट ओतून बुजवल्यात. कठड्याचा हा दांडा आणि हा फोटो, एवढंच आहे."

वडिलांनी फोटो परत दिला. मी तो मागून घेतला. तेब्याची समोरची बाजू अगदी सरळ आली होती आणि तिच्या पायाशी फरशीची एक रांग स्पष्ट दिसत होती. मी मोजलं. साडेचार फरश्या.

"काका, ही फरशी अजून आहे का तिथे?"

"आहे की."

"मग एका फरशीचं माप कागदावर कापून मागवा."

पंधरा दिवसांत पाकिटातून चौकोनी कागद आला. आठ इंच. म्हणजे एक बाजू बरोबर तीन फूट. अष्टकोनाची एक बाजू कळली की सगळ्याच कळतात. कठड्याची उंची मला दांड्यावरून मिळाली, खांबांची फोटोत त्याच्याशी ताडून. चार दिवस जमिनीवर पालथी पडून मी नकाशा काढला.

"फरशा मोजून माप काढून राह्यली तू," वडील म्हणाले. "एवढं सागवान वाया गेलं त मंग?"

"नाही जाणार, बाबा."

ते बराच वेळ नकाशा न्याहाळत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लाकडाला करवत लावली.

तीन महिन्यांनी खांब, कठडे, चौथऱ्याच्या फळ्या, पायऱ्या आणि मेज गोणपाटात गुंडाळून रेल्वेच्या पार्सलनं गेले. मागोमाग आम्ही तिघं. पोचलो गुरुवारी. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ लागतो, मग हातोडीला हात लावायचा नाही. त्याआधी तेबा उभा राहिला पाहिजे, असं काकांनी बजावलं होतं.

शुक्रवारी पहाटेच वडिलांनी सिमेंटचा थर छिन्नीनं फोडायला घेतला. दहाच्या सुमारास खालच्या दगडात पहिली खाच उघडी पडली. मग दुसरी. दोन्हींमधलं अंतर मी टेपनं मोजलं. तीन फूट. दुपारपर्यंत आठही खाचा मोकळ्या झाल्या आणि वडिलांनी एकेक खांब उभा करून सोडला. सात खांब सरळ आत जाऊन बसले. आठवा अडकला.

वडिलांनी वाकून पाहिलं, पुन्हा टेप लावला आणि हसले. "ही खाच अर्धा इंच बाजूले खणली हाये. त्या जुन्या मिस्त्रीचं चुकलं, पोरी. तुयं नाई."

त्यांनी खाच तासली. चार वाजता कठड्याची शेवटची पट्टी बसली. सूर्य मावळायच्या आत काचेच्या हंड्यांत खोबरेल घालून दिवे लागले. आसपासच्या गावांतूनही माणसं आली होती. बायकांनी मला हाताला धरून वर सज्ज्यात नेलं. मी खाली पाहिलं. चढायच्या दोन पायऱ्या, आठ खांब, मध्ये मेज. कागदावर काढलेला माझा नकाशा खाली जिवंत झाला होता आणि त्यात माणसं उभी होती. डोक्यावर उसनी टोपी घालून वडील मागच्या बाकावर ताठ बसले होते. प्रार्थनेनंतर काकांनी सगळ्यांसमोर सज्ज्याकडे बोट केलं. "तेबा मिस्त्रींनी केला. पण हरवलेलं माप त्या मुलीनं शोधलं." खालचे सगळे चेहरे वर वळले. मी मान खाली घातली नाही.

हिंगणघाटला परतल्यावर आठवड्यानं अल्लीपूरचा एक शेतकरी घराचं दार करून घ्यायला आला. वडिलांनी त्याला खाटेवर बसवलं आणि मला हाक मारली.

"पह्यले नकाशा काढते पोरगी," ते त्याला म्हणाले. "मंग लाकूड घेजो."