पिंजारीचाचांनी आणलेला ग्रंथकर्ता

साऱ्या वऱ्हाडात एकही अक्षर न वाचता सगळ्यात जास्त ग्रंथकर्ते ओळखणारा माणूस एकच झाला, आणि तो आमच्या टेकडीवर राहत होता. हे बी. ए. झालेला माणूस सांगतो आहे, तेव्हा खरे मानायला हरकत नाही. टेकडीवर बी. ए. झालेला मी पहिला. माझ्या आधी आमच्या घरात सही करणारेही कोणी नव्हते. बाप गवताचे भारे डोक्यावर घेऊन घाट उतरायचा आणि आसेगावच्या बाजारात विकायचा; आई दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायची; आणि हिवाळ्यात आम्ही पाच जण एका वाकळेखाली निजायचो. त्यात मधल्याची चैन आणि कडेच्याचे हाल. अशा घरात पहिले पुस्तक आले ते पिंजारीचाचांच्या झोळीतून.

चाचांचा धंदा कापूस पिंजण्याचा. माणसाएवढी लांब धनुकली खांद्यावर टाकून ते वाशीमपर्यंत पायी जात. वकिलांच्या, सावकारांच्या ओसरीवर बसून जुन्या गाद्या उसवत, कापूस पिंजत आणि आत चाललेल्या पुस्तकांच्या गप्पा ऐकत. मजुरीची वेळ आली की म्हणत, "वकीलसाहेब, जवारी अर्धीच द्या, पन ते फाटकं पुस्तक द्या मले." घरी चाची कपाळावर हात मारून घेत. "आता याचीच भाकर थाप अन् खाय!" असे त्या साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, आणि तेच पुस्तक फडक्यात बांधून माझ्यासाठी म्हणून आईकडे आणून देत.

ग्रंथकर्त्यांविषयी चाचांची मते ठाम असत, कारण ती गाद्यांवरून बनलेली असत. वाशीमला कुणाकडे एक कवी मुक्कामाला होते. त्यांचा विषय निघाला की चाचा म्हणत, "त्याईची गादी म्या पिंजली हाय. मधात खड्डा, बाजूले कोरी. हा मानूस कूस बदलत नाही. एकदा मनात आलं ते आलं. याच्या लिखानात खोडाखोड नसन." दुसरे एक विद्वान इतरांच्या कवितेतले दोष काढण्यात प्रसिद्ध होते. चाचांनी त्यांना कायमचे निकालात काढले होते. "त्याच्या उशीत सरकी राह्यली होती, बेटा. दहा वर्सं बोचून राह्यली, तरी त्याले कळलं नाही. अन् तो दुसऱ्याचे दोष काढून राह्यला!" कॉलेजात मी पुढे बरीच टीका वाचली, पण इतकी नेमकी थोडीच सापडली.

एका बाजारात कापडवाल्याने चाचांना डिवचले. "चाचा, व्याख्यानं होतेत ती शहरात. तुमच्या टेकडीवर तलाठी बी वर्सातून एक डाव येते. पुस्तकवाला कायले येईन?" लोक हसले. पुढे दोन दिवस चाचांच्या अंगणातून धनुकलीचा आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशी ते आमच्या दारात येऊन बसले.

"बेटा, कापूस कोन्त्या वावरातला ते मले हात लावला की समजते. पुस्तक कोन्त्या मानसातलं ते नाही समजत. लिवनारा बोलतानी त्याचं तोंड पाह्याचं हाय मले, मरायच्या आंधी एक डाव. तू बी. ए. हाय ना? मंग आन त्याले!"

माझ्या बी. ए.चा याहून मोठा उपयोग मला आजवर कुणी सांगितलेला नाही. उमरावतीला कॉलेजात असताना मी एका कादंबरीकारांचे भाषण ऐकले होते. त्यांना पत्र लिहिले. महिन्याने उत्तर आले, माघात येतो.

मग त्या हिवाळ्यात शाळेच्या ओट्यावर वाचन सुरू झाले. दुपार कलली की माणसे वावरांतून परत येत आणि प्रत्येक जण मूठभर कापूस चाचांपुढे टाकी. त्यातून पाहुण्यासाठी गादी भरायची होती. मी त्या पाहुण्यांचीच कादंबरी मोठ्याने वाचायचो आणि चाचा पिंजायचे. धनुकलीच्या ताणलेल्या तातेवर लाकडी मोगरी पडली की टंग्ऽ असा आवाज निघून सावकाश दरीत उतरे. उन्हाच्या तिरिपेत कापसाचे तंतू तरंगत, बायांच्या केसांवर, बैलांच्या शिंगांवर, माझ्या पानावर येऊन बसत. कादंबरीतली नायिका बोटीत बसली तेव्हा आमच्यातल्या कुणीही बोट पाहिलेली नव्हती; पण त्या पांढऱ्या धुरळ्यात सगळा ओटाच पाण्यावर हलतो आहे असे मला वाटले, आणि बहुतेक सगळ्यांनाच वाटले असावे, कारण कोणी खोकतही नव्हते.

कादंबरीकार आले. घाट चढून त्यांचा श्वास फुलला होता. त्यांना गादीवर बसवले. "साहेबापुढं धंद्याचं सामान नको," म्हणून चाचांनी धनुकली फडक्यात गुंडाळून घरी ठेवली होती आणि स्वतः धुतलेला सदरा घालून अगदी समोर, त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसले होते.

पाहुणे उठले, बोलू लागले. आणि लोकही बोलतच राहिले. कुणाची गाय आटली, कुणाचे वेचणे उरले, सगळे मोकळ्या आवाजात. पाहुणे थांबले, पुन्हा सुरू झाले, पुन्हा थांबले. माझ्या कानशिलांची आग झाली. तिसऱ्यांदा त्यांनी कागद मिटले आणि काठी उचलली.

"बाप्पा!" पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली. "आजून सुरू बी नाही झालं, अन् हे चालले कुठी?"

चाचा ताडकन उठले. मी बी. ए., पण मला नाही कळले, त्यांना कळले. धनुकली वाजल्याशिवाय आमच्या लोकांचे पुस्तक सुरूच होत नसे. ते धावत घरी गेले, धापा टाकत परतले, उरलेला कापूस पुढ्यात घेऊन मांडी घातली. टंग्ऽ.

क्षणात सगळा ओटा गप्प झाला.

"बोला साहेब," चाचा खाली मान घालून म्हणाले. "आता आयकतीन."

कादंबरीकारांनी काठी खाली ठेवली. ते दीड तास बोलले. हळूहळू त्यांचे वाक्यही त्या ठोक्याची वाट पाहू लागले. मिशीला कापूस चिकटला होता, तो त्यांनी झटकला नाही.

दिवस बुडायच्या आत त्यांना खाली पोचवायला सारे गाव घाटाने उतरले. ओट्यावर आम्ही दोघेच उरलो.

"चाचा, बोलताना पाहिलं ना तोंड?"

ते अंगावरचे तंतू वेचत होते. "कुठी, बेटा? पिंजताना नजर कापसावरच ठिवा लागते. वर पाह्यलं अन् तात हुकली, तं मंग हे लोक पुन्हा बोलत बसले असते." मग धनुकली खांद्यावर टाकत म्हणाले, "पन चांगल्या वावरातला हाय."

चाचा जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांच्या हयातीत आणखी तीन ग्रंथकर्ते घाट चढून आले, आणि चौघांपैकी एकाचेही तोंड चाचांनी भाषण चालू असताना पाहिले नाही. पण ते चौघेही आमच्या टेकडीवर बोलले, आणि आम्ही त्यांना शेवटच्या शब्दापर्यंत ऐकले.